बोलण्याच्या जागा : बालपणी लैंगिक अत्याचार सोसलेल्या प्रौढांसाठीच्या आधारसेवांचा इतिहास (गोरेगाव व मुंबई उपनगराच्या विशेष संदर्भात)

प्रस्तावना

केंद्र शासनाच्या महिला व बालविकास मंत्रालयाने २००७ साली बालकांवरील अत्याचाराचा जो अभ्यास प्रसिद्ध केला, त्यातील एक आकडा तेव्हापासून सर्वत्र उद्धृत होत आला आहे. तेरा राज्यांतील १२,४४७ बालकांपैकी ५३.२२ टक्के बालकांनी लैंगिक अत्याचाराचा कोणता ना कोणता प्रकार अनुभवल्याचे सांगितले. या तेरा राज्यांत महाराष्ट्राचा समावेश होता. त्याच अभ्यासातील दुसऱ्या एका गोष्टीकडे मात्र फारसे लक्ष गेलेले नाही. अभ्यासकांनी १८ ते २४ वयोगटातील २,३२४ तरुण-तरुणींनाही त्यांच्या बालपणाविषयी विचारले होते. मोठे झालेले मूल हा स्वतंत्र साक्षीदार आहे, याची शासकीय पाहणीत एवढ्या विस्ताराने दखल घेतली गेली.

हा साक्षीदार इतक्या उशिरा का आला आणि आल्यावर त्याला बोलण्यासाठी कोणती जागा मिळाली, या दोन प्रश्नांभोवती प्रस्तुत निबंधाची मांडणी केली आहे. या विषयाच्या इतिहासलेखनात साधनांची अडचण मूलभूत स्वरूपाची आहे. न्यायालयीन कागदपत्रांत गुन्हा दिसतो, पण वीस वर्षांनंतरचे आयुष्य दिसत नाही. समुपदेशन केंद्रांच्या नोंदी गोपनीय असतात आणि तशाच राहाव्यात. म्हणून येथे व्यक्तींच्या कहाण्यांऐवजी संस्था, कायदे, शब्द आणि जागा यांच्या आधारे हा इतिहास मांडला आहे. गोरेगावची निवड यासाठी की, स्त्री-चळवळीतून उभे राहिलेले आधार केंद्र आणि बाललैंगिक अत्याचाराच्या प्रश्नालाच वाहून घेतलेली संस्था, या दोन्ही अवस्था या एकाच उपनगरात पाहावयास मिळतात.

पूर्वपीठिका

एकोणिसाव्या शतकातील महाराष्ट्राला घरातील अत्याचार अज्ञात नव्हता. महात्मा फुले यांनी १८६३ साली पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह सुरू केले, त्यामागे विधवांवर बहुधा घरातल्याच पुरुषांकडून होणाऱ्या अत्याचाराची जाणीव होती. तथापि तेथे मिळणारे संरक्षण गुप्ततेचे होते. आलेल्या स्त्रीचे नाव कोणाला कळू नये, यातच तिचे भले मानले जाई, आणि त्या काळाच्या मानाने ते योग्यच होते. १८८४ मध्ये बेहरामजी मलबारी यांनी बालविवाहाविरुद्ध टिपणे प्रसिद्ध केली. १८९१ च्या संमतिवयाच्या कायद्याने मुलीचे संमतिवय दहावरून बारा वर्षांवर नेले. या कायद्यावरून पुण्या-मुंबईत जो वाद झाला तो धर्म, परकीय सत्तेचा हस्तक्षेप आणि पतीचा अधिकार यांविषयीचा होता. माहेरच्या घरात मुलीला काय सोसावे लागते हा प्रश्न त्या वादात आला नाही. मुलाच्या बाबतीत तर तो संभवतो अशी कल्पनाही दिसत नाही.

युरोपातही परिस्थिती फार वेगळी नव्हती. सिग्मंड फ्रॉइड यांनी १८९६ मध्ये व्हिएन्ना येथील व्याख्यानात, प्रौढ स्त्रियांच्या हिस्टेरियाचे मूळ बालपणीच्या लैंगिक अत्याचारात असल्याचे प्रतिपादन केले आणि पुढच्याच वर्षी मित्राला लिहिलेल्या पत्रात या सिद्धांतावरील आपला विश्वास उडाल्याचे कळविले. त्यानंतर अनेक दशके मनोविश्लेषणाच्या क्षेत्रात अशा स्मृतींकडे प्रामुख्याने कल्पनाविलास म्हणून पाहिले गेले. ज्यांनी बोलण्याचे धाडस केले त्यांना शास्त्राच्याच नावाने अविश्वास मिळाला, ही या इतिहासातील खेदाची बाब होय. हे चित्र पालटले ते रुग्णालयांतून नव्हे, तर स्त्रियांच्या सभांमधून. १९७१ साली न्यूयॉर्क येथील स्त्रीवादी परिषदेत फ्लॉरेन्स रश या समाजकार्यकर्तीने बालकांवरील लैंगिक अत्याचाराविषयी जाहीरपणे मांडणी केली. १९८० मध्ये अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेने आघातोत्तर ताणविकाराला अधिकृत निदानाचा दर्जा दिला. ज्युडिथ हर्मन यांनी १९८१ मध्ये पिता-कन्या संबंधातील अत्याचारावर आणि १९९२ मध्ये आघात व त्यातून सावरणे यावर ग्रंथ लिहिले. सावरण्याच्या त्यांनी सांगितलेल्या तीन अवस्था – सुरक्षितता, स्मरण व शोक, आणि जगाशी पुन्हा नाते जोडणे – आजही उपचारपद्धतीचा पाया मानल्या जातात. यांपैकी पहिल्या अवस्थेकडे पुढे पुन्हा यावे लागेल, कारण मुंबईच्या उपनगरात सर्वांत कठीण तीच आहे.

पाण्याच्या मोर्चापासून समुपदेशनाच्या खोलीपर्यंत

महाराष्ट्रात लैंगिक अत्याचाराच्या प्रश्नाला सार्वजनिक रूप आले ते मथुरा प्रकरणाने. मार्च १९७२ मध्ये तत्कालीन चंद्रपूर जिल्ह्यातील देसाईगंज पोलीस ठाण्यात एका आदिवासी मुलीवर अत्याचार झाला. सर्वोच्च न्यायालयाने १९७८ मध्ये आरोपी पोलिसांना निर्दोष ठरविले. सप्टेंबर १९७९ मध्ये उपेंद्र बक्षी, रघुनाथ केळकर, लोतिका सरकार आणि वसुधा धागमवार या चार कायदेपंडितांनी सरन्यायाधीशांना खुले पत्र लिहिले, १९८० मध्ये मुंबईत बलात्कारविरोधी मंच स्थापन झाला आणि १९८३ मध्ये फौजदारी कायद्यात दुरुस्ती झाली. हा क्रम सर्वपरिचित आहे. त्यातील एक तपशील मात्र विचारात घेण्यासारखा आहे. वैद्यकीय तपासणीत त्या मुलीचे वय चौदा ते सोळा वर्षांच्या दरम्यान असल्याचे अनुमान होते. आजच्या कायद्याने ती निःसंशय बालक ठरली असती. चळवळीने तिला स्त्री म्हणून पाहिले, कोठडीतील सत्तेची बळी म्हणून पाहिले. त्या क्षणाची निकड तीच होती. परंतु त्यामुळे ‘बालपणीचा अत्याचार’ हा प्रश्न ‘स्त्रीवरील अत्याचार’ या प्रश्नात विलीन होऊन गेला. त्यातून मुलगे वगळले गेले आणि घरही बऱ्याच अंशी वगळले गेले.

गोरेगावचे वैशिष्ट्य येथे सुरू होते. केशव ऊर्फ बंडू गोरे यांच्या १९५८ मधील निधनानंतर त्यांच्या स्मरणार्थ गोरेगाव पश्चिमेला केशव गोरे स्मारक उभे राहिले. मृणाल गोरे १९६१ साली मुंबई महानगरपालिकेवर निवडून आल्या. उपनगरातील पाण्याच्या प्रश्नावरील लढ्यामुळे लोकांनी त्यांना ‘पाणीवाली बाई’ म्हटले. १९७२ नंतरच्या महागाईविरोधी आंदोलनात लाटणे हाती घेतलेल्या गृहिणींचे मोर्चे निघाले, त्यांतही गोरेगावच्या स्त्रिया होत्या. १९८० च्या दशकात याच स्मारकाच्या परिसरात ‘स्वाधार’ हे पीडित स्त्रियांसाठीचे आधार केंद्र मृणाल गोरे आणि त्यांच्या सहकारी स्त्रियांनी चालविले. नळाच्या पाण्यासाठी रस्त्यावर आलेली बाई दहा-पंधरा वर्षांत स्वतःच्या संसाराविषयी बोलण्यासाठी एका खोलीत येऊन बसली, या स्थित्यंतराची नोंद स्थानिक इतिहासात जितकी व्हायला हवी तितकी झालेली नाही.

याच सुमारास अन्यत्रही अशा जागा निर्माण होत होत्या. मंजुश्री सारडा प्रकरणानंतर १९८२ मध्ये पुण्यात विद्या बाळ व सहकाऱ्यांनी नारी समता मंच स्थापन केला. त्याच्या केंद्राचे नावच ‘बोलते व्हा’ असे होते. १९८४ मध्ये टाटा समाजविज्ञान संस्थेने मुंबई पोलीस आयुक्तालयात स्त्रिया व बालकांसाठी विशेष कक्ष सुरू केला. २००० साली वांद्र्याच्या भाभा रुग्णालयात ‘सेहत’ ही संस्था व महानगरपालिका यांच्या सहकार्याने ‘दिलासा’ केंद्र निघाले, म्हणजे सार्वजनिक रुग्णालयाच्या आतच हिंसाग्रस्त स्त्रीसाठी एक दार उघडले.

या केंद्रांचे काम मुख्यत्वे वर्तमानातील हिंसेचे होते. नवऱ्याची मारहाण, हुंडा, पोटगी, मुलांचा ताबा, घरातून हाकलून देणे – आधार केंद्राकडे येणारी तक्रार अशी असते, कारण तिच्यावर काही करता येते. सासू-सासऱ्यांना बोलावता येते, पोलीस ठाण्यात जाता येते, वकील देता येतो. वीस वर्षांपूर्वी मामाने वा शेजाऱ्याने जे केले, त्यावर कार्यकर्तीने नेमके काय करावे? संसारातील अबोल्यामागे, शरीरसंबंधाच्या भीतीमागे, मुलीला एकटीला कुठेही न पाठविण्याच्या हट्टामागे काही जुने असू शकते हे अनुभवी कार्यकर्तीला उमगत असणार. परंतु केंद्राची रचना त्यासाठी नव्हती. हा दोष त्या केंद्रांच्या माथी मारणे अन्यायाचे ठरेल. त्यांनी ‘घरातले घराबाहेर बोलणे’ या कृतीला प्रतिष्ठा दिली नसती, तर पुढचे काहीच घडले नसते. मात्र पुरुषाला या दारातून प्रवेश नव्हता, हेही खरे.

मौनभंगाची सहा वर्षे

१९९६ ते २००१ हा काळ या इतिहासात निर्णायक ठरतो. १९९६ मध्ये दिल्लीत अनुजा गुप्ता यांनी ‘राही’ ही संस्था सुरू केली. कुटुंबांतर्गत लैंगिक अत्याचारातून गेलेल्या प्रौढ स्त्रियांसाठीच काम करणारी ही देशातील पहिली संस्था मानली जाते. त्याच वर्षी मुंबईत टाटा समाजविज्ञान संस्थेतून जेरू बिलिमोरिया यांच्या पुढाकाराने ‘चाइल्डलाइन’चा प्रयोग सुरू झाला आणि १०९८ हा क्रमांक मुलांच्या हाती आला. २००० साली पत्रकार पिंकी विराणी यांचे ‘बिटर चॉकलेट’ हे पुस्तक प्रसिद्ध झाले. त्यात लेखिकेने स्वतःच्या बालपणीच्या अत्याचाराविषयीही लिहिले होते. मुंबईतील एका प्रतिष्ठित व्यावसायिक स्त्रीने आपल्या नावानिशी हे सांगणे, याचे महत्त्व पुस्तकातील माहितीइतकेच होते.

३१ मे २००१ रोजी जुहूच्या पृथ्वी थिएटरमध्ये महेश दत्तानी यांच्या ‘थर्टी डेज इन सप्टेंबर’ या नाटकाचा पहिला प्रयोग झाला. ‘राही’ने हे नाटक लिहवून घेतले होते आणि लिलेट दुबे यांनी ते दिग्दर्शित केले. नाटकाची नायिका बालक नाही. ती प्रौढ आहे आणि समुपदेशकाशी बोलते आहे. तिच्या आईचे मौन हा नाटकाचा गाभा आहे. जुहूपासून गोरेगाव लोकलने फार दूर नाही, पण प्रेक्षकवर्ग निराळा. इंग्रजी रंगभूमीवर जे २००१ मध्ये बोलले गेले ते चाळीतल्या मराठीत, म्हाडाच्या वसाहतीतल्या मराठीत यायला बराच अवधी लागला. मोतीलालनगरातल्या बैठ्या घरातील बाईला ‘थेरपी’ हा शब्द माहीत होण्यापूर्वी तिला तिच्या मुलीच्या शाळेतून ‘चांगला स्पर्श, वाईट स्पर्श’ हे शब्द ऐकू आले असण्याचीच शक्यता अधिक.

त्याच वर्षी, २००१ मध्ये, कुलाब्यातील अँकरेज या बालनिवारागृहांतील अत्याचार उघडकीस आले. सत्र न्यायालयाने मार्च २००६ मध्ये आरोपींना शिक्षा दिली, उच्च न्यायालयाने जुलै २००८ मध्ये त्यांना निर्दोष सोडले, आणि सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०११ मध्ये शिक्षा पुन्हा कायम केली. या कालखंडाचा साधा हिशेब करावा. २००१ मध्ये दहा-बारा वर्षांचे असलेले मूल अंतिम निकालाच्या दिवशी वीस-बावीस वर्षांचे होते. न्याय मिळाला तो मुलांना नव्हे, प्रौढांना. आणि मधल्या दहा वर्षांत त्यांनी कोणाशी बोलायचे, याचे उत्तर न्यायव्यवस्थेकडे नव्हते.

गोरेगाव : दुसरी अवस्था

२००६–०७ च्या सुमारास पूजा तापडिया यांनी मुंबईत ‘अर्पण’ ही संस्था सुरू केली. गोरेगाव पूर्वेच्या वालभट मार्गावरील कामा औद्योगिक वसाहतीतून संस्थेचे काम चालले. शाळांमधून मुलांना वैयक्तिक सुरक्षिततेचे शिक्षण देणे हा संस्थेचा प्रमुख कार्यक्रम. त्याच्या जोडीने पालक व शिक्षकांचे प्रशिक्षण, आणि अत्याचारातून गेलेली मुले व प्रौढ यांच्यासाठी मानसोपचार व समुपदेशन.

कारखान्यांच्या गाळ्यांमध्ये अशा संस्थेने बस्तान बसवावे यात एक विसंगती जाणवते खरी, पण औद्योगिक वसाहतीत ये-जा करणाऱ्या माणसाकडे कोणी वळून पाहत नाही. दवाखान्याच्या पायरीवर शेजारीण भेटते, वसाहतीच्या फाटकात भेटत नाही. उपनगरी जीवनात अनामिकतेची ही सोय लहान नाही.

मुलांसाठीचा कार्यक्रम आणि प्रौढांसाठीचा उपचार एकाच छताखाली येण्यामागे एक अंतर्गत तर्क आहे. मुलांना काय शिकवणार हे समजावून सांगण्यासाठी पालकांना व शिक्षकांना एकत्र बसवले, की त्या वर्गातील काही प्रौढांना स्वतःचे बालपण आठवणे अपरिहार्य असते. प्रतिबंधाचा कार्यक्रम त्यामुळे आपोआप जुन्या जखमांपर्यंत पोहोचतो. स्त्री आधार केंद्राला जे दार संसाराच्या बाजूने किंचित उघडता आले, ते येथे मुलाच्या बाजूने उघडले. आणि या बाजूने बापही आत येऊ शकत होता. २००७ च्या अभ्यासात लैंगिक अत्याचार सांगणाऱ्या बालकांत मुलगे ५२.९४ टक्के होते, हे लक्षात घेता या फरकाचे महत्त्व कळते. मे २०१२ मध्ये ‘सत्यमेव जयते’ या दूरचित्रवाणी मालिकेच्या दुसऱ्या भागात मुंबईचे हरीश अय्यर यांनी स्वतःवर बालपणी वर्षानुवर्षे झालेल्या अत्याचाराविषयी सांगितले. रविवारी सकाळी, सगळे कुटुंब एकत्र बसलेले असताना, एक पुरुष हे बोलत होता. त्याच वर्षी टाटा समाजविज्ञान संस्थेची ‘आयकॉल’ ही दूरध्वनी समुपदेशन सेवा सुरू झाली.

उपचाराची पहिली अवस्था सुरक्षितता, असे वर म्हटले आहे. तिचा अर्थ उपनगराच्या संदर्भात तपासला पाहिजे. डेव्हिड फिंकेलहॉर आणि अँजेला ब्राउन यांनी १९८५ मध्ये या आघाताचे चार घटक सांगितले : अकाली व विकृत लैंगिकीकरण, विश्वासघात, असहायता आणि कलंक. यांपैकी विश्वासघात हा नात्यातला असतो, आणि आपल्याकडे नाते तुटत नाही. २००७ च्या अभ्यासानुसार सुमारे निम्मे अत्याचारी बालकाच्या परिचयाचे वा विश्वासाच्या स्थानी असलेले होते, आणि बहुसंख्य बालकांनी घडलेली गोष्ट कोणालाही सांगितली नव्हती. ज्या काकाने अत्याचार केला तो गणपतीला घरी येतो, लग्नपत्रिकेत त्याचे नाव छापावे लागते, त्याला वाकून नमस्कार करावा लागतो. एका खोलीच्या घरात दार बंद करून फोनवर बोलणे हेही संशयास्पद ठरते. अशा वेळी समुपदेशकाचे पहिले काम भूतकाळ उकरण्याचे नसते. झोप, श्वास, अचानक येणारी भीती, एखाद्या वासाने वा आवाजाने शरीर गोठणे यांवर ताबा मिळवणे; कोणत्या कार्यक्रमाला जायचे आणि कोणत्या नाही, हे ठरवण्याचा अधिकार परत मिळवणे; घरात निदान एक माणूस विश्वासाचा शोधणे, हे आधी येते. जागतिक आरोग्य संघटनेने २०१३ मध्ये आघातोत्तर ताणविकारासाठी आघातकेंद्री बोधात्मक वर्तनोपचार व नेत्रचलनाधारित उपचारपद्धतीची शिफारस केली आहे; परंतु त्यांपर्यंत पोहोचण्यापूर्वीचा हा टप्पा काही वेळा महिनोन्‌महिने चालतो. दीर्घकालीन, सुटका नसलेल्या आघातांसाठी ‘जटिल आघातोत्तर ताणविकार’ हे स्वतंत्र निदान आंतरराष्ट्रीय रोगवर्गीकरणाच्या अकराव्या आवृत्तीने मान्य केले, ते २०२२ पासून अमलात आले.

शब्दांची उणीव

मराठीत या प्रौढ व्यक्तीला काय म्हणावे, याचे समाधानकारक उत्तर अद्याप मिळालेले नाही. ‘बळी’ म्हटले की व्यक्ती संपली. ‘पीडिता’ हा शब्द वृत्तपत्रांनी रूढ केला, पण तो स्त्रीलिंगी आहे. पुरुषाने स्वतःसाठी तो वापरावा कसा? ‘उत्तरजीवी’ हा संस्कृत वळणाचा पर्याय सुचविला जातो, तो कोणाच्या तोंडी बसलेला नाही. ‘अत्याचारग्रस्त’ आपत्तीच्या यादीतला वाटतो. याउलट जुना कायदा ‘विनयभंग’ म्हणत होता आणि समाज ‘अब्रू’ म्हणत होता. दोन्ही शब्दांत हानी झाली ती प्रतिष्ठेची, माणसाची नव्हे. ‘समुपदेशन’ हा घडवलेला शब्द मात्र टिकला. ‘मानसोपचार’ म्हटले की वेडाची शंका येते, ‘समुपदेशना’ला ती येत नाही. शब्दांची ही चर्चा गौण वाटण्याचा संभव आहे. परंतु ज्या अनुभवाला नाव नाही तो पहिल्या भेटीत सांगायचा कसा, हा उपचारातलाच प्रश्न आहे. बहुतेक वेळा ‘ते’, ‘तसले काही’, ‘लहानपणी झालेले’ अशा सर्वनामांनीच सुरुवात करावी लागते.

कायदा आणि प्रौढ तक्रारदार

लैंगिक अपराधांपासून बालकांचे संरक्षण अधिनियम १४ नोव्हेंबर २०१२ पासून लागू झाला. तो मुलगे व मुली दोघांनाही लागू आहे, आणि ही मोठीच सुधारणा होती. तथापि राज्यघटनेच्या अनुच्छेद २० अन्वये दंडविधान पूर्वलक्षी असू शकत नाही. म्हणून ज्या व्यक्तीवर १९८५ किंवा १९९५ मध्ये अत्याचार झाला तिला जुन्या भारतीय दंडसंहितेचाच आधार घ्यावा लागतो. त्या संहितेत प्रवेशाखेरीजचे अत्याचार बहुतांशी कलम ३५४ खाली येत आणि २०१३ पूर्वी त्याची कमाल शिक्षा दोन वर्षे होती. फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम ४६८ प्रमाणे अशा गुन्ह्याची दखल घेण्याची मुदत तीन वर्षे. आठ वर्षांच्या मुलीवर अत्याचार झाला तर ती अकरा वर्षांची होईपर्यंत ही मुदत संपे. न्यायालय विलंब माफ करू शकत असे, पण तो न्यायालयाच्या विवेकाचा भाग. बलात्काराला मुदतीचे बंधन नव्हते, मात्र त्याची व्याख्या संकुचित होती, आणि सर्वोच्च न्यायालयाने ‘साक्षी’ या संस्थेच्या याचिकेवर २००४ मध्ये ती विस्तारण्यास नकार दिला. मुलग्यांसाठी केवळ कलम ३७७ होते.

ऑक्टोबर २०१८ मध्ये केंद्रीय विधी मंत्रालयाने, महिला व बालविकास मंत्री मनेका गांधी यांच्या विचारणेवरून, २०१२ च्या कायद्याखाली तक्रार देण्यास कालमर्यादा नसल्याचे स्पष्ट केले. प्रौढ व्यक्तीही बालपणीच्या अत्याचाराची तक्रार देऊ शकते, हे यामुळे अधिकृतपणे सांगितले गेले. २०१२ पूर्वी बालपण संपलेल्यांना मात्र या स्पष्टीकरणाचा उपयोग मर्यादितच आहे, आणि आज गोरेगावात चाळिशी ओलांडलेला प्रत्येक जण त्या गटात मोडतो.

समुपदेशनाच्या खोलीत या कायद्याची दुसरी बाजू अधिक जाणवते. कलम १९ प्रमाणे गुन्हा घडल्याचे ज्ञान असणाऱ्या प्रत्येक व्यक्तीवर तो कळविण्याचे बंधन आहे आणि कलम २१ प्रमाणे न कळविणे हा शिक्षेस पात्र गुन्हा आहे. बालक समोर असताना या तरतुदीचे प्रयोजन स्पष्ट आहे. परंतु पंचविशीतील व्यक्ती, जिच्यावर २०१४ मध्ये अत्याचार झाला आणि जी केवळ बोलण्यासाठी आली आहे, तिच्या इच्छेविरुद्ध समुपदेशकाने पोलिसांकडे जावे काय, याविषयी कायद्याचा मजकूर वेगळे काही सांगत नाही. अत्याचारी व्यक्ती आजही इतर मुलांच्या सहवासात असेल तर प्रश्न आणखी अवघड होतो. तेथे केवळ अशिलाच्या इच्छेचा विचार करून भागत नाही. समुपदेशनाच्या व्यावसायिक नीतीप्रमाणे गोपनीयतेच्या मर्यादा पहिल्याच भेटीत, काही सांगितले जाण्यापूर्वीच, समजावून सांगाव्या लागतात. त्या ऐकल्यानंतर कोणी नाव घेते, कोणी ‘एक नातेवाईक’ एवढेच म्हणते, आणि कोणी पुढच्या भेटीची वेळ घेऊन पुन्हा येत नाही.